बुडालेल्या बँकांच्या नोटा: जुन्या अमेरिकेतला खाजगी कागद

टांकसाळ

नमस्कार मंडळी. नाणी-नोटांच्या या विभागात बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज स्वतः धागा काढतोय, कारण ज्या विषयात मी गेली नऊ वर्षं रमलोय त्यावर मराठीत बोलायला मला अजून कुणी मिळालेलं नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पुस्तकं चाळताना प्लास्टिकच्या पाकिटात तीन डॉलरची नोट दिसली. तीन डॉलर! आधी वाटलं कुणी खेळण्यातली छापलेली असेल. दुकानातल्या बाई म्हणाल्या, खरी आहे, १८५४ ची आहे. एड्रियन गावच्या ईरी अँड कॅलमझू रेलरोड बँकेची. छपाई एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. तारीख आणि क्रमांक हातानं घातलेले, खाली रोखपाल आणि अध्यक्ष यांच्या सह्या. सह्यांची शाई विटून तपकिरी झालेली. मधल्या घडीवर टाचणीएवढं भोक. मागच्या बाजूला कोपऱ्यात त्याच तपकिरी शाईत कुणीतरी आकडे लिहिलेत, ते मला आजवर लागलेले नाहीत. ४५ डॉलरला घेतली आणि घरी येऊन रात्री दोनपर्यंत भिंगाखाली पाहत बसलो.

पार्श्वभूमी थोडी सांगतो. १८६१ पर्यंत अमेरिकेत रोजच्या व्यवहारासाठी केंद्र सरकारच्या नोटा नव्हत्याच. सरकार नाणी पाडायचं, तीही अपुरी. १८५७ पर्यंत तर स्पॅनिश चांदीचे डॉलर तिथे कायदेशीर चलन होते. कागद मात्र बँकांचा. राज्यानं सनद दिलेली प्रत्येक बँक स्वतःच्या नावाची नोट काढायची आणि त्यावर वचन असायचं की आमच्या दारात आणून दाखवा, सोन्याचांदीत पैसे देऊ. १८३२ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी दुसऱ्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या सनदेचं नूतनीकरण नाकारलं, १८३६ मध्ये ती सनद संपली आणि लगाम धरणारं कुणी उरलं नाही. १८३७ मध्ये मिशिगननं आणि १८३८ मध्ये न्यूयॉर्कनं कायदा केला की अटी पाळणाऱ्या कुणालाही बँक काढता येईल, त्यासाठी विधिमंडळाकडे जायला नको. यादवी युद्धाच्या तोंडाशी देशात सुमारे दीड हजार बँका होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या एक, दोन, तीन, पाच, दहा डॉलरच्या वेगवेगळ्या नोटा. काहींनी चार, सहा, सात, आठ, नऊच्याही काढल्या. पावणेदोन डॉलरचीही नोट सापडते.

इथले संग्राहक यांना ‘ऑब्सोलीट’ किंवा ‘ब्रोकन बँक नोट’ म्हणतात. दुसरं नाव मला फारसं पटत नाही, कारण यातल्या कितीतरी बँका कधीच बुडाल्या नाहीत. आणि धागा काढायचं खरं कारण इथेच आहे. चांगली बँक आपली नोट परत आली की पैसे देऊन ती रद्द करायची, जाळायची. बुडालेल्या बँकेची नोट परत घ्यायला कुणी उरायचंच नाही, म्हणून ती पेटीत, बायबलच्या पानांत, भिंतीच्या फटीत राहून गेली. म्हणजे आज बाजारात जी नोट ढिगानं मिळते ती बऱ्याचदा लबाडाची, आणि जी शोधून सापडत नाही ती वचन पाळणाऱ्याची. हे कळल्यावर माझी संग्रह करायची दिशाच बदलली.

कुणाला रस असेल तर विचारा. जमेल तसं लिहितो.

सराफकट्टा

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

तुम्ही लिहिलंत ते वाचून आमचे आजोबा आठवले. नाशिकला आमची सराफी पेढी होती. आजोबा सांगायचे की पूर्वी रुपया म्हणजे एक रुपया असं नव्हतंच. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, निजामाचा हाली वेगळा, कंपनीचा वेगळा. गाव बदललं की बट्टा बदलला. सराफाच्या दुकानात माणूस यायचा तो मुळी आपल्या गाठीतल्या रुपयाला आज इथे किती बट्टा बसतो हे विचारायला. पण चांदी वाजवून, कसोटीवर घासून पाहता येते. कागद कशावर घासायचा? एखाद्या खेड्यातल्या दुकानदारानं आठशे मैलांवरच्या बँकेची नोट हातात आल्यावर नेमकं करायचं काय?

टांकसाळ

काका, बट्टा हाच नेमका शब्द. एवढी वर्षं मी ‘डिस्काउंट’ म्हणत होतो.

दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी एक पुस्तिका असायची. न्यूयॉर्कच्या जॉन थॉम्पसन यांची ‘बँक नोट रिपोर्टर’ सगळ्यांत प्रसिद्ध, पण इतर शहरांतूनही अशा निघत. त्यात राज्यवार, गाववार बँकांची यादी: कुठली बँक चालू, कुठली बंद, कुणाच्या नोटेला न्यूयॉर्कमध्ये किती टक्के बट्टा. शिवाय कुठल्या बँकेच्या पाच डॉलरच्या नोटेची नक्कल फिरतेय, तिच्यात चित्र कसं चुकलंय, कागद कसा आहे, याचं वर्णन. बँक जितकी लांबची तितका बट्टा जास्त, कारण ती नोट घेऊन कुणाला तरी तिच्या दारापर्यंत जावं लागणार. हाच धंदा करणारे दलालही होते. पडत्या भावानं नोटा विकत घ्यायचे, गठ्ठे करून मूळ गावी न्यायचे आणि नाणी मोजून आणायचे.

नक्कलांचे प्रकारही संग्राहकानं ओळखायला हवेत. साधी नक्कल सगळ्यांना कळते. दुसरा प्रकार म्हणजे किंमत वाढवलेली नोट: एकच्या जागी खरवडून दहा. तिसरा माझ्या मते सगळ्यांत चलाख: बुडालेल्या बँकेच्या खऱ्या नोटा रद्दीच्या भावात घ्यायच्या, बँकेचं आणि गावाचं नाव खरवडून तिथे एखाद्या सशक्त बँकेचं नाव छापायचं. छपाई अस्सल, कागद अस्सल, फक्त नाव खोटं. अशी नोट उजेडासमोर धरली की नावाच्या पट्ट्यात कागद पातळ झालेला दिसतो. माझ्याकडे दोन आहेत. त्या काळातल्या नकलाही आज आवडीनं जमवल्या जातात, विशेषतः एखाद्या रोखपालानं पकडून वर ठसठशीत शिक्का मारलेल्या.

रानवाट

माहिती चांगली आहे, पण मला एक विचारायचं आहे आणि ते कडू लागलं तरी विचारते.

मी ३१ वर्षं बँकेत रोखपाल होते, आता निवृत्त आहे. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत माझ्या आईची ठेव अडकली. तिच्या बांगड्या मोडून केलेली ठेव होती. ती पावती घेऊन ती सहा वर्षं फेऱ्या मारत राहिली आणि ठेव मिळायच्या आत गेली. ती पावती मी कपाटात ठेवली आहे, पण ‘संग्रह’ म्हणून तिच्याकडे बघणं मला जमणार नाही. तुमच्या त्या नोटांमागेही कुणीतरी शेतकरी, कुणीतरी शिवणकाम करणारी बाई असेलच की. त्यांचं बुडालेलं धन पाकिटात घालून तिला स्थितीची ग्रेड लावायची हे मनाला कसं पटतं?

टांकसाळ

ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न कडू नाही, रास्त आहे. नीट उत्तर देतो.

आधी माझ्याच राज्याचं सांगतो, कारण इथे झालं ते खरोखर वाईट होतं. मिशिगनच्या १८३७ च्या कायद्यात अट होती की भांडवलाचा ३० टक्के भाग सोन्याचांदीत जमा असल्याशिवाय बँक उघडता येणार नाही. नोटांना तारण म्हणून जमिनीची गहाणखतं चालत, आणि रानातल्या जमिनीची किंमत लावणारेही आपलेच. वर्ष-दीड वर्षात चाळीसहून जास्त बँका निघाल्या. तपासणीला आयुक्त नेमले, त्यांत अल्फियस फेल्च होते, जे पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. आयुक्त एका गावात नाणी मोजायचे आणि पुढच्या गावी निघायचे, तोवर तीच पेटी रातोरात आडवाटेनं पुढच्या बँकेत पोचलेली असायची. काही ठिकाणी पेटीत वर चांदीचा थर आणि खाली खिळे, काचा. सोनं-चांदी जादूच्या वेगानं राज्यभर उडते आहे, असं आयुक्तांनी अहवालात लिहिलं. १८३९ संपेस्तोवर यातल्या बहुतेक बँका संपल्या, आणि १८४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. तोवर नोटा शेतकऱ्यांच्या घरात जाऊन पडल्या होत्या.

यांतली एक सिंगापूर नावाच्या गावात होती. मिशिगन सरोवराच्या काठी, कॅलमझू नदीच्या मुखाशी, सॉगटकजवळ. पुढे १८७१ च्या आगीत शिकागो, हॉलंड ही शहरं जळाली, त्यांच्या उभारणीसाठी भोवतालचं जंगल तोडलं गेलं, झाडं गेल्यावर वाळू मोकळी झाली आणि हळूहळू अख्खं गाव टेकड्यांखाली गाडलं गेलं. मी तिथे उभा राहिलो आहे. पायाखाली वाळूच वाळू आणि समोर सरोवर. बँक ऑफ सिंगापूरची नोट हाच त्या बँकेचा उरलेला भाग.

पण ताई, सगळीकडे असं नव्हतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात बॉस्टनची सफोक बँक १८२० च्या दशकापासून १८५८ पर्यंत खेड्यापाड्यातल्या बँकांच्या नोटा पूर्ण किमतीला वटवत होती. अट एवढीच की त्या बँकांनी सफोककडे ठेव ठेवायची. तिथल्या शेतकऱ्याला बट्टा जवळजवळ विसरता आला. इंडियाना राज्याची स्टेट बँक १८३४ पासून इतकी शिस्तीत चालली की तिच्यात वाढलेले ह्यू मॅककलक यांनाच १८६३ मध्ये देशाचे पहिले चलन नियंत्रक नेमलं. आणि सगळ्या बुडालेल्या बँका लबाडही नव्हत्या. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या बँकांनी कायद्याप्रमाणे राज्यांचे रोखे तारण ठेवले होते, त्यांत दक्षिणेकडच्या राज्यांचे भरपूर. १८६१ मध्ये युद्ध पेटलं आणि ते रोखे कोसळले. बँका गेल्या. जूनमध्ये मिलवॉकीत लोकांनी बँकांवर चाल करून दगडफेक केली.

मी ग्रेडसाठी जमवत नाही. चार घड्या पडलेली, मळकी, भोक पडलेली नोट मला कोऱ्या करकरीत नोटेपेक्षा प्रिय आहे, कारण ती कुणाच्या तरी खिशात होती. त्या माणसाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. हा कागद फेकून दिला तर त्याच्या फसवणुकीची एवढीही खूण राहणार नाही.

रानवाट

उत्तर आवडलं. सगळं पटलं असं म्हणत नाही, पण वाचते आहे.

शाईदौत

मी छापचित्रकार आहे, तांब्यावर आणि पोलादावर कोरते, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा चित्रांकडे गेलं. या नोटा म्हणजे कोरीवकामाचं विद्यापीठ आहे.

जेकब पर्किन्स हे मॅसॅच्युसेट्सच्या न्यूबरीपोर्टचे. मऊ केलेल्या पोलादावर चित्र कोरायचं, पोलाद कडक करायचं, त्यावरून मऊ पोलादाचा रूळ प्रचंड दाबानं फिरवून चित्र रुळावर उठवायचं, मग रूळ कडक करून तेच चित्र हव्या तितक्या छपाईच्या पट्ट्यांवर उतरवायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. १८१९ मध्ये ते इंग्लंडला गेले. १८४० चं पहिलं टपाल तिकीट, काळा पेनी, छापलं ते त्यांनीच काढलेल्या कंपनीनं. तिकीटवाल्यांना हे नाव पाठ असतं, पण त्या तंत्राची सुरुवात नोटांपासून झाली हे फार कमी जणांना माहीत असतं.

या रुळामुळेच एकच चित्र मेनमधल्या बँकेच्या नोटेवर दिसतं आणि जॉर्जियातल्याही. छापखान्याकडे रुळांचा साठा असायचा, बँकवाले नमुने पाहून निवडायचे: आगगाडी, वाफेची बोट, गवत कापणारे शेतकरी, देवमाशाची शिकार, हातात तराजू घेतलेली न्यायदेवता. सांताक्लॉज असलेल्याही नोटा आहेत. कोरणारे हात साधेसुधे नव्हते. हडसन नदीच्या परिसराची निसर्गचित्रं काढणारे ॲशर ड्यूरँड आधी नोटांची चित्रं कोरत होते. १८५८ मध्ये सात छापखाने एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी झाली, पण माझ्या डोळ्याला त्याआधीच्या रॉडन, राइट, हॅच अँड एडसन यांच्या पट्ट्या जास्त जिवंत वाटतात.

हिरव्या रंगाचं कोडंही इथेच सुटतं. फोटोग्राफी आल्यावर काळ्या शाईतल्या नोटेची नक्कल सोपी झाली. मग माँट्रियलचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस स्टेरी हंट यांनी क्रोमियमपासून न पुसली जाणारी हिरवी शाई तयार केली. कॅमेऱ्याला हिरवा रंग काळाच दिसायचा आणि तो खरवडून काढताही येत नव्हता. खाजगी बँकांच्या नोटांवर आधी आलेला तो हिरवा पुढे सरकारी नोटांनी उचलला.

टांकसाळसाहेब, एक विचारते. दक्षिणेकडच्या नोटांवर कापूस वेचणारे, टोपल्या वाहणारे गुलाम असतात. ती चित्रं इतकी नाजूक, इतकी देखणी कोरलेली आहेत की पाहताना हात थबकतो. तुम्ही त्या ठेवता का?

टांकसाळ

ठेवतो. आणि दाखवताना काय आहे ते स्पष्ट सांगतो.

तुम्ही विषय काढलात म्हणून लिहितो. नवीन माणसाला बहुतेक जण पहिली नोट म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या सिटिझन्स बँकेची किंवा कनाल बँकेची घ्यायला सांगतात, कारण या दोघींच्या न वापरलेल्या, सही नसलेल्या नोटा मोठ्या संख्येनं उरल्या. इथे अशा नोटेला ‘रिमेंडर’ म्हणतात. सुरेख कोरीव, कोऱ्या, स्वस्त. सिटिझन्स बँकेच्या दहाच्या नोटेवर फ्रेंचमध्ये ‘दिक्स’ छापलेलं असतं, आणि दक्षिणेला ‘डिक्सी’ नाव त्यावरून पडलं असं विक्रेते हमखास सांगतात. त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा त्या गोष्टीसाठी जादा पैसे देऊ नका.

विक्रेते न सांगणारी गोष्ट अशी: या दोन्ही बँका मळेवाल्यांना कर्ज द्यायच्या आणि तारण म्हणून माणसं घ्यायच्या. २००५ मध्ये जेपी मॉर्गन चेसनं, ज्यांच्या वंशावळीत या बँका येतात, जाहीर केलं की १८३१ ते १८६५ या काळात या दोन बँकांनी सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून स्वीकारले होते आणि कर्जं थकल्यावर सुमारे १,२५० माणसं बँकांच्या मालकीची झाली. कंपनीनं त्याबद्दल माफी मागितली. त्या कोऱ्या नोटेचं तारण हे होतं. माझ्या अल्बममध्ये नोटेच्या शेजारच्या पाकिटात हा मजकूर मी स्वतः लिहून ठेवला आहे. नोट दाखवायची तर तोही वाचायला द्यायचा, असा माझा नियम आहे.

पहिलीनोट

सगळे प्रतिसाद वाचून काढले. मी अगदीच नवीन आहे. माझे मामा शिकागोहून आले होते, त्यांनी मला एक नोट दिली. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स, एक हजार डॉलर, १८४०. पिवळसर, कडक, कडकड वाजणारा कागद. क्रमांक ८८९४. जालावर हिचे भाव पाहून घरात सगळेच खूश आहेत. ही कुठे तपासून घेऊ?

टांकसाळ

क्रमांक ८८९४ असेल तर तपासायची गरज नाही, ती प्रतिकृती आहे. पार्चमेंटसारख्या कागदावर हीच नोट, हाच क्रमांक अनेक दशकं भेटवस्तूंच्या दुकानांत विकला गेलाय. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक नवीन संग्राहकाला ती कधी ना कधी भेटतेच. मलाही एकानं ती अस्सल म्हणून विकली होती, मी तेव्हा चांगले पैसे मोजले. १९७३ च्या कायद्यानं अशा नकलांवर ‘कॉपी’ असं छापणं बंधनकारक झालं, पण त्याआधीच्या अजून फिरताहेत आणि नंतरच्याही सगळ्यांवर शब्द असतोच असं नाही.

वाईट वाटून घेऊ नका. तीच नोट शिकायला उत्तम आहे. तिच्या शेजारी एखादी खरी स्वस्त नोट ठेवा. खऱ्या नोटेचा कागद पातळ, मऊ, कापडासारखा लागतो. पट्टीवरून छापलेली शाई कागदाच्या किंचित वर उठलेली असते, बोटाला आणि भिंगाखाली कळते. सह्या खऱ्या शाईच्या, कधी मागून झिरपलेल्या. प्रतिकृतीत सही आणि छपाई एकाच सपाटीत असते.

पहिलीनोट

मामांना सांगितलं, तेही हिरमुसले. पण तुम्ही म्हणता तशी एक खरी घेणारच. पहिली कुठली घेऊ? पुण्यात राहून हे जमेल का?

टांकसाळ

जमेल. एकच सल्ला: एक गाव, एक बँक किंवा एक चित्र धरा. ‘सगळं’ जमवायला निघालात तर वर्षभरात पैसे आणि उत्साह दोन्ही संपतील. माझ्या ओळखीत एक जण फक्त तीन डॉलरच्या नोटा घेतात, एक जण फक्त मासेमारीची चित्रं असलेल्या.

नोट सही केलेली म्हणजे चलनात गेलेली आहे, सही नसलेली रिमेंडर आहे, की प्रूफ आहे, हे विक्रेत्याला विचारा. प्रूफ म्हणजे छापखान्यानं नमुना म्हणून काढलेली प्रत, बहुधा ‘इंडिया पेपर’ नावाच्या अत्यंत पातळ कागदावर, सहीच्या जागी गोल भोकं पाडलेली. अमेरिकन बँक नोट कंपनीच्या संग्रहातली अशी प्रूफं १९९० मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात बाहेर आली आणि कित्येक बँकांच्या नोटा दिसत कशा होत्या हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. याशिवाय जुन्या पट्ट्यांवरून नंतरच्या काळात काढलेली पुनर्मुद्रणंही असतात.

सूची म्हणून जेम्स हॅक्स्बी यांचे १९८८ चे चार खंड अजून सगळे वापरतात. त्यात काही नोटांपुढे ‘एसईएनसी’ अशी खूण आहे. अर्थ असा की ही नोट निघाल्याची नोंद आहे, पण जिवंत प्रत कुणी पाहिल्याची खात्री नाही. अशी एखादी प्रत आपल्या हाताला लागेल या आशेवर माणसं आयुष्यभर जुने कागद चाळतात.

जपण्याबद्दल पुण्या-मुंबईकरांनी जास्त काळजी घ्यायला हवी. साधी मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, पीव्हीसीमुळे कागद चिकट होतो. मायलरची घ्या. सेलोटेप कधीच नाही, इस्त्री नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि महिन्याला एकदा कसर लागली नाही ना ते पाहा. जुन्या शाईत लोह आणि आम्ल असतं, ती दमट हवेत कागद खाते. सहीच्या जागी कागद आरपार गेलेल्या नोटा मी पाहिल्या आहेत.

ओहायोकर

धागा सुरेख चालला आहे. आमच्या राज्यातली एक नोट सांगतो. कर्टलंड गावात मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी बँक काढायचं ठरवलं, ‘बँक’ असं कोरलेल्या पट्ट्याही तयार झाल्या, पण राज्यानं सनद दिली नाही. म्हणून जानेवारी १८३७ मध्ये काही नोटांवर ‘बँक’ या शब्दाच्या आधी ‘अँटी’ आणि नंतर ‘इंग कंपनी’ ही बारीक अक्षरं ठोकली आणि संस्था ‘अँटी-बँकिंग कंपनी’ झाली. त्याच वर्षी ती बुडाली. पुढे १८४९ मध्ये सॉल्ट लेकमध्ये नाण्यांची टंचाई होती तेव्हा याच जुन्या नोटा पुन्हा सह्या करून चलनात आणल्या. जोसेफ स्मिथ यांची सही असलेली नोट आता सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, मी फक्त लिलावाच्या सूचीत पाहिली आहे.

मोडीवाचक

उशिरा आलो, पण मुंबईचा धागा इथे जोडल्याशिवाय राहवत नाही.

खाजगी बँकांच्या नोटा आपल्याकडेही होत्या. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली आणि स्वतःच्या नोटा काढायची. १८६१ च्या पेपर करन्सी ॲक्टनं तो अधिकार सरकारनं स्वतःकडे घेतला. अमेरिकेत तेच १८६३ च्या नॅशनल बँकिंग कायद्यानं सुरू झालं, आणि १८६५ च्या मार्चमध्ये राज्यांच्या बँकांच्या नोटांवर १० टक्के कर लावून त्यांचा शेवट केला. कर पुढच्या वर्षी लागू झाला आणि नोटा चलनातून गेल्या.

आता पुढचं पाहा. ज्या युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेनं हे केलं, त्याच युद्धामुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना. भाव मुंबईच्या कापसाला आला. वऱ्हाड-खानदेशातला कापूस सोन्याच्या मोलानं गेला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. बॅकबे भरावाच्या शेअरसाठी लोक वेडे झाले, कापूस-शेअरांचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्जं देत सुटली. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला मुंबईचा बाजार बसला. १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली आणि त्याच नावानं नवी काढावी लागली. तीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. राजाबाई टॉवरकडे पाहताना हे मला नेहमी आठवतं, कारण तो प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा आहे.

मुंबईकरांनी फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय जरूर पाहावं. ‘धारकास अदा करण्याचे वचन’ ही ओळ कुठून कुठे आली ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

सराफकट्टा

मोडीवाचक, या प्रतिसादासाठी उभं राहून नमस्कार. आमच्या आजोबांचे आजोबा त्या कापसाच्या धामधुमीत नाशिकहून मुंबईला गेले होते आणि मोकळ्या हातानं परत आले, एवढंच घरात ऐकलेलं. आज त्याला संदर्भ मिळाला.

रानवाट

टांकसाळ, तुमच्या पहिल्या नोटेच्या मागे आकडे आहेत म्हणाला होतात. फोटो टाकता का? इतकी वर्षं लोकांच्या पावत्यांवरचे आकडे वाचण्यात गेली आहेत.

टांकसाळ

टाकलाय ताई, वरच्या मूळ लेखात जोडला आहे. आधी एक दोन, मग एक फराटा, मग वर दोन अंक आणि खाली रेघ. मला तो नोंदीचा क्रमांक वाटत होता.

रानवाट

क्रमांक नाही. तो दोन डॉलर आणि पंच्याऐंशी सेंट आहे. सेंट वर लिहून खाली रेघ ओढायची आणि रेघेखालचे शंभर लिहायचे राहू द्यायचे, अशी जुनी पद्धत मी आमच्या बँकेच्या जुन्या खतावण्यांतही पाहिली आहे, पैशांसाठी. नोट तीन डॉलरची. तीनला पाच टक्के बट्टा म्हणजे पंधरा सेंट. उरले दोन पंच्याऐंशी.

कुणीतरी काउंटरच्या अलीकडे उभं राहून ही नोट दिली आणि पलीकडच्यानं एवढेच मिळतील म्हणून मागे लिहून दाखवलं. मी हे हजारदा केलेलं आहे. अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही मला दिसतो.

टांकसाळ

ताई, नऊ वर्षं ही नोट माझ्याकडे आहे.

जुने विक्रेते नोटेच्या मागे आपला भाव लिहून ठेवत, तेव्हा तीही शक्यता आहे. पण ते बहुधा पेन्सिलीनं, आणि ही शाई सह्यांच्या शाईसारखीच विटलेली आहे. थॉम्पसन यांच्या रिपोर्टरचे काही जुने अंक डिजिटल स्वरूपात वाचायला मिळतात. १८५४-५५ चे मिळतात का आणि त्यात एड्रियनच्या बँकेपुढे कितीचा बट्टा लिहिलाय ते या शनिवारी बसून शोधतो. सापडलं की इथेच लिहीन.

रानवाट

शोधा. आणि ती मायलरची पाकिटं पुण्यात कुठे मिळतात ते कुणीतरी सांगा. माझ्याकडेही एक पावती आहे.